काटा

मातोसिन्योशला, बंदरामागच्या उतरत्या गल्लीत
एतेल्विना आणि मी समोरासमोर राहतो.
एकतीस वर्षं एकाच टेबलाशी उभ्या होतो
सार्डिनच्या कारखान्यात.
डोकं मोडायचं, आतडं ओढायचं, मिठाचं पाणी,
मग डब्यात ओळीनं निजवायचं.
काटा मात्र काढायचा नाही.
डबा शिजला की काटा आपोआप मऊ पडतो,
दाताखाली कळतसुद्धा नाही.

ज्या वर्षी कारखान्याचा भोंगा कायमचा थांबला
त्याच वर्षी तिची पाळीही.
दोन्हींबद्दल आम्ही फारसं बोललो नाही.
दुपारी उगाच घाम फुटायचा,
हातांना काम नव्हतं,
आणि कमरेभोवतीचा टायर (हा तिचाच शब्द)
दर महिन्याला थोडी हवा भरून घ्यायचा.

मग धाकट्या फिलोमेनाचं लग्न ठरलं.
एतेल्विनानं दुकानाच्या काचेत एक निळा ड्रेस पाहिला
आणि न्हाणीघरात आणून ठेवला
वजनाचा काटा.

सकाळी काळी कॉफी.
दुपारी कोबीच्या पानांचं सूप, त्यातला बटाटा वेचून बाजूला.
रात्री सफरचंदाच्या चार फोडी.
चीज कुत्र्याला.
कपाटातले सार्डिनचे डबे मला.
मी खाल्ले. सगळे. खोटं कशाला बोलू?

पाच महिन्यांत अकरा किलो.
पाववाला म्हणाला, बाई, पाठमोऱ्या पोरगीच दिसता!
तेव्हा तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं,
त्या उन्हाळ्यात चढलं ते तेवढंच.

लग्नात ती नाचली.
फोटोत गळ्याखाली दोन खळगे दिसतात,
चमचा चमचा मीठ मावेल एवढे.

आणि नोव्हेंबरात
पडली नाही, घसरली नाही,
नुसती पावसानं फुगलेली खिडकी वर ओढली,
तर पाठीत काहीतरी खचलं.
ओरडली नाही. खिडकी तशीच अर्धी उघडी,
खाली ओट्यावर पावसाचे थेंब,
आणि ती ओट्याला धरून मला हाक मारत होती
अगदी हळू,
जणू मोठ्यानं बोललं तर आणखी एक मणका जाईल.

डॉक्टर लेओनील्द आमच्या मुलींच्या वयाची.
तिनं फोटो उजेडात धरला.
काट्यानं सांगितलं अकरा किलो गेले, म्हणाली,
काय काय गेलं ते त्याला विचारलंत का?
चरबी गेली. मांडीतला जोर गेला.
आणि हाड. पाळीनंतर ते तसंही
चपला घालून दाराशी उभं असतं, बाई,
तुम्ही कडी काढून दिलीत.

परतीच्या बसमध्ये एतेल्विना गप्प.
पुलावर आल्यावर म्हणाली,
म्हणजे ग्रासिएत, डब्यात आपणच होतो.

दुखणं ओसरल्यावर तिला व्यायाम दिले.
आधी भिंतीला हात टेकून, मग रबराचा पट्टा,
आता पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन
ती आमचा जिना चढते, शिव्या देत.
माझ्या स्वयंपाकघरात आम्ही डबा उघडतो,
पावावर मासा, काट्यासकट,
वर चीज, आणि सूपमध्ये बटाटा.
डबे मीच विकत आणते. देणं आहे.
चार किलो परत आलेत.
निळ्या ड्रेसची चेन निम्म्यावर अडते,
त्यावर ती कोट घालते, उन्हाळ्यातही.

न्हाणीघरातल्या काट्यावर आता कुंडी आहे.
मोजायचंच तर आम्ही उंची मोजतो,
माझ्या दाराच्या चौकटीवर,
जिथे पोरांच्या रेघा वर वर गेल्या होत्या.
या वर्षी तिची रेघ
गेल्या वर्षीच्या रेघेवरच पडली.
मी वाकून दोनदा पाहिलं, टाचा जमिनीला होत्या.

मग ती म्हणाली, आता तू उभी राहा.
राहिले.
तिनं पेन्सिल टेकवली, आणि बराच वेळ
काही बोललीच नाही.
मी म्हटलं, टोक बोथट असेल.